हत्ती आणि गेंडे: एकाच फलकावरचे दोन वेगळे आजार

गवताळ (धागालेखक)

१२ ऑगस्टला हत्ती दिन, २२ सप्टेंबरला गेंडा दिन. दोन्ही दिवशी फलक साधारण एकच: सुळे, शिंग आणि खाली बंदूक. त्यामुळे दोघांचं दुखणं एकच असावं असा समज पक्का झालाय. तो खोडून काढावा म्हणून हा धागा.

आधी स्थिती. गेंड्याच्या जाती पाच. आफ्रिकेत पांढरा आणि काळा, भारत-नेपाळात एकशिंगी, इंडोनेशियात जावा आणि सुमात्रा. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत काळा, जावा आणि सुमात्रा हे तिघे अतिसंकटग्रस्त आहेत, आपला एकशिंगी असुरक्षित आणि पांढरा संकटसमीप. जावाचा गेंडा उजुंग कुलोन या एकाच उद्यानात उरलाय, आकडा पन्नाशीच्या आसपास. सुमात्राचेही पन्नासच्या आत. पांढऱ्याची उत्तरेकडची उपजात तर संपल्यातच जमा आहे. केनियात ‘सुदान’ हा शेवटचा नर १९ मार्च २०१८ रोजी गेला, आता नाजिन आणि फातू या मायलेकीच आहेत.

हत्तीच्या जाती तीन. २०२१ पासून लाल यादी आफ्रिकेतले दोन हत्ती वेगळे मोजते. जंगलातला अतिसंकटग्रस्त, सवानातला संकटग्रस्त. आशियाई हत्ती १९८६ पासून संकटग्रस्तच आहे.

माझा मुद्दा एवढाच की गेंड्याची किंमत त्याच्या शिंगात आहे, तेव्हा राखण त्या शिंगाची करावी लागते. भारतातला हत्ती मात्र आज सुळ्यांमुळे कमी आणि वाटेत आलेल्या विजेच्या तारेमुळे जास्त मरतो. मग दोघांना एकच औषध कसं चालेल?

---

आकडेमोड

मुद्दा मान्य, पण आकडे वापरताना जरा जपून.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतातल्या हत्तींचा डीएनएवर आधारलेला अंदाज आला: २२,४४६ (१८,२५५ ते २६,६४५ च्या दरम्यान). आधीचा २०१७ चा आकडा २९,९६४ होता. लगेच ‘साडेसात हजार हत्ती गायब’ अशा बातम्या सुरू झाल्या. तसं नाही. २०१७ ला प्रत्यक्ष दिसलेले हत्ती आणि शेणाच्या नोंदी यांवरून हिशेब केला होता. या वेळी २१,०५६ शेणाचे नमुने गोळा केले, त्यांतून ४,०६५ वेगवेगळे हत्ती ओळखले आणि तोच हत्ती पुन्हा किती वेळा सापडतो यावरून एकूण संख्या काढली. फूटपट्टीच बदलली, त्यामुळे दोन आकड्यांची वजाबाकी करता येत नाही. नवा आकडा हा नवा पाया.

आफ्रिकेत मात्र घट खरीच आहे. २०१४-१५ ची मोठी विमान-गणना १८ देशांत झाली. ३,५२,२७१ सवाना हत्ती मिळाले, आणि २००७ ते २०१४ या काळात ३० टक्के घट दिसली. जंगल-हत्तींची ३१ वर्षांत ८६ टक्क्यांहून जास्त.

आणि हे विसरू नका की हत्तिणीचा गाभणकाळ २२ महिन्यांचा, दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचं अंतर. गेंड्याचा गाभणकाळ साधारण १६ महिन्यांचा. गेलेली संख्या भरून यायला पिढ्या जातात.

---

निशाचर

गेंड्याबद्दल लिहितो, कारण त्यात प्रत्यक्ष काय करतात याची माहिती मराठीत फार थोडी आहे.

दक्षिण आफ्रिकेत २००७ साली शिकारीत १३ गेंडे गेले. २०१४ साली १,२१५. सात वर्षांत इतकं! क्रूगर उद्यानात २०११ साली पांढरे गेंडे दहा हजारांवर होते, २०२० मध्ये २,६०७ उरले. शिंग जातं प्रामुख्याने व्हिएतनाम आणि चीनकडे, तापावरचं औषध म्हणून आणि श्रीमंतीचा दिखावा म्हणून. (‘कामोत्तेजक म्हणून वापरतात’ हे आपल्याकडे फार ऐकायला येतं, पण मुख्य कारण ते नाही.) शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखातलंच द्रव्य. आत हाड नाही. म्हणून ते कापता येतं आणि पुन्हा वाढतंही, वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर.

कापण्याची पद्धत अशी. थंडीच्या दिवसांत, भल्या पहाटे. हेलिकॉप्टरमधून पशुवैद्य भुलीचा डार्ट मारतो. औषध एटॉर्फिन, सोबत अझापेरोन. एटॉर्फिन इतकं जहाल असतं की एवढ्या मोठ्या धुडाला मोजके मिलिग्रॅम पुरतात आणि माणसाच्या कातडीत चुकून टोचलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून उतारा हाताशी असल्याशिवाय बाटली उघडत नाहीत. पाच-सात मिनिटांत गेंडा डुलत थांबतो. डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे. पट्टी आधी. त्याचं कारण भुलीत गेंडा डोळे मिटत नाही, ऊन आणि धूळ थेट बुबुळावर.

बुडापासून साधारण सात सेंटिमीटर वर खूण करतात आणि चेनसॉने आडवं कापतात. त्याच्या खाली वाढीचा जिवंत थर असतो. तो दुखावला तर रक्त येतं, जंतुसंसर्ग होतो आणि पुढे शिंग वेडंवाकडं वाढतं. मग कडा घासून गोल करतात आणि वर डांबरासारखं टार फासतात. खाली ताडपत्री अंथरलेली असते, भुसा आणि चुराही गोळा होतो कारण चुऱ्यालाही भाव आहे. शिंगात मायक्रोचिप, वजन-मापाची नोंद, डीएनएचा नमुना प्रिटोरियाजवळच्या ऑन्डरस्टेपूर्टच्या प्रयोगशाळेकडे. शेवटी कानाच्या शिरेत उतारा, आणि मिनिट-दोन मिनिटांत गेंडा उभा. सगळं काम पंधरा-वीस मिनिटांचं.

बिघडतं कुठे? करवतीपाशी क्वचित. श्वासापाशी जास्त. एटॉर्फिनने श्वास मंदावतो आणि रक्तातला प्राणवायू उतरतो, म्हणून ब्युटॉर्फॅनॉल देतात, नाकात नळी घालून ऑक्सिजन सोडतात. दुसरं अंगातली उष्णता. हेलिकॉप्टरने लांब पळवलं असेल तर पाण्याच्या बादल्या ओतत बसावं लागतं. तिसरं वजन. दीड-दोन टनांचा प्राणी एका कुशीवर बराच वेळ पडला की खालच्या पायाचे स्नायू रक्ताविना मरतात. म्हणून छातीवर बसता ठेवायचा किंवा अधूनमधून पाय हलवत राहायचे.

आता उपयोग किती? जून २०२५ मध्ये ‘सायन्स’ मध्ये आलेला अभ्यास क्रूगर परिसरातल्या ११ अभयारण्यांचा, २०१७ ते २०२३ या काळातला. आठ ठिकाणी २,२८४ गेंड्यांची शिंगं कापली. तिथली शिकार ७८ टक्क्यांनी घटली, आणि खर्च संरक्षणाच्या एकूण अंदाजपत्रकाच्या अवघा १.२ टक्के.

---

मिरजकर

छान माहिती. पण ७८ म्हणजे २२ टक्के उरलेच की. शिंगच नाही तर मारतात कशाला?

---

निशाचर

@मिरजकर, बुडखा उरतो ना. सात सेंटिमीटरचा खुंट म्हणजेही बाजारात चांगले पैसे. शिवाय दीड-दोन वर्षांत शिंग पुन्हा वाढलेलं असतं, पुन्हा कापायला पैसे नसले तर मधला काळ उघडाच.

दुसरी गोष्ट, शिकारी सरकतो. क्रूगरमध्ये शिंगं कापली तसा ताण क्वाझुलू-नाताळकडे वळला. २०२३ साली देशात ४९९ गेंडे मारले गेले, त्यांतले ३२५ त्या एका प्रांतात. तिथल्या ह्लुह्लुवे-इम्फोलोझी उद्यानात मग २०२४ मध्ये शिंगं कापायला घेतली आणि प्रांताचा आकडा २३२ वर आला. नियतीची थट्टा अशी की १८९५ च्या सुमारास दक्षिणेकडचे शंभराच्या आत पांढरे गेंडे शिल्लक होते, ते याच इम्फोलोझीत. आज जगात दक्षिणेकडच्या उपजातीचे जेवढे पांढरे गेंडे आहेत ते त्यांचेच वंशज.

आणि किंमतही मोजावी लागते. काळ्या गेंड्यांवरचा २०२३ चा अभ्यास सांगतो की शिंग गेल्यावर त्यांचा फिरण्याचा टापू सरासरी ४५ टक्क्यांनी आक्रसला आणि एकमेकांशी गाठी पडणं ३७ टक्क्यांनी कमी झालं. मला विचाराल तर हा उपाय म्हणजे वेळ विकत घेणं आहे. पण आज तो वेळच नाहीये.

---

ब्रह्मपुत्रेकाठी

मग काझीरंगात हेच का करत नाहीत, असा प्रश्न पुढे येणारच, म्हणून आधीच लिहिते.

एक म्हणजे गवत. तिथलं हत्तीगवत माणूसच काय, हत्तीवर बसलेला माहूतही झाकून टाकतं. डार्ट लागल्यावर गेंडा कुठे गेला हे वरून दिसत नाही, आणि बिलात (तिथल्या तळ्यात) किंवा दलदलीत जाऊन आडवा झाला तर बुडून मेलाच. आसामातल्याच मानस उद्यानात गेंडे हलवताना डार्ट मारायला पाळीव हत्ती वापरतात, एकेका गेंड्यामागे अख्खी फौज लागते. २,६१३ गेंड्यांना (२०२२ ची गणना) दर दोन वर्षांनी हे करायचं म्हणजे अशक्यच. दुसरं म्हणजे एकशिंगीचं शिंग मुळातच आखूड. भांडताना तो ते फारसं वापरत नाही, खालच्या जबड्यातले पुढचे सुऱ्यासारखे दात चालवतो.

काझीरंगाने वाचवलं ते पहाऱ्याने. दोनशेहून जास्त चौक्या आहेत, बऱ्याच खांबांवर उभ्या, पावसाळ्यात होडीशिवाय पोचता न येणाऱ्या. गेंड्याची एक सवय शिकाऱ्याच्या पथ्यावर पडते. तो ठरलेल्या जागीच शेण टाकतो. शेणाचा तो ढीग सापडला की शिकाऱ्याला शोधत फिरावं लागत नाही, तिथेच दबा धरायचा. वनरक्षकांची गस्तही म्हणूनच त्या ढिगांच्या आणि गेंड्यांच्या रुळलेल्या वाटांच्या हिशेबाने आखतात. बंदूकच असते असं नाही. वाटेवर खड्डे खणून गवताने झाकणं, वीजवाहिनीवरून तार आणून वाटेवर सोडणं हेही झालेलं आहे.

२०१३ आणि २०१४ मध्ये आसामात दर वर्षी २७ गेंडे गेले. २०२२ मध्ये एकही नाही, १९७७ नंतर पहिल्यांदाच. आणि त्याआधी, २२ सप्टेंबर २०२१ ला काझीरंगाजवळच्या बोकाखातला सरकारी कोठारातली २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली. ९४ जतन करायला ठेवली, २९ न्यायालयीन खटल्यांसाठी. शिंग आमच्या लेखी बिनकिमतीचं, हे बाजाराला ऐकू जावं म्हणून.

पण तिथला खरा धनी पूर आहे. पूर आला नाही तर गवताळ रान झाडोऱ्याने भरून जाईल, बिलं गाळाने बुजतील. आला की जनावरं दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे निघतात आणि मध्ये राष्ट्रीय महामार्ग आडवा. त्या दिवसांत गाड्यांना वेळेची चिठ्ठी देतात. एका टोकाला वेळ टाकायची, दुसऱ्या टोकाला तपासायची. अंतराच्या मानाने लवकर पोचलात तर दंड. उपकरण काही नाही, भागाकार आहे फक्त.

---

खडूस

तर मग हत्तीचेही सुळे कापा की. प्रश्न मिटला.

---

आकडेमोड

@खडूस, नाही मिटत. सुळा म्हणजे दात, वरच्या जबड्यातला पटाशीचा. साधारण एक तृतीयांश कवटीत रुतलेला असतो आणि बुडाकडच्या पोकळीत मज्जा आणि नस असते. बाहेरचा भाग कापला तरी आतला उरतोच, तो काढायला शिकारी हत्तीला मारून तोंड फोडतो. मज्जेला धक्का लागला तर सडून गळू होतं. शिवाय साली उचकटणं, खणणं, फांद्या मोडणं ही रोजची कामं सुळ्यावर चालतात.

निसर्गाने मात्र ‘कापून’ दाखवलंय. मोझांबिकच्या गोरोंगोसात १९७७ ते १९९२ च्या यादवीत हस्तिदंतासाठी ९० टक्क्यांहून जास्त हत्ती मारले गेले. बिनसुळ्याच्या माद्यांचं प्रमाण १८.५ वरून ५०.९ टक्क्यांवर गेलं. गोम अशी की हा गुण एक्स गुणसूत्रावरून येतो आणि नर गर्भाला मारक ठरतो.

आशियाई हत्तीत सुळे फक्त नराला, तेही सगळ्यांना नाहीत. बिनसुळ्याचा नर म्हणजे मखना. त्यामुळे इथल्या शिकारीने नर-मादीचं गणितच बिघडवलं. केरळच्या पेरियारमध्ये एकेकाळी एका प्रौढ नरामागे शंभराच्या घरात माद्या उरल्या होत्या. एकूण आकडा बरा दिसतो, पिल्लं होत नाहीत. नुसत्या गणनेवर विसंबू नये ते यासाठी.

कायद्याने भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ ला आणि आयात आफ्रिकन हस्तिदंताचा १९९१ ला बंद झाला. ‘हा मॅमथचा दात आहे, कायदेशीर आहे’ असं कुणी म्हणालं तर आडव्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा बघतात. बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन ११५ अंशांहून मोठा असेल तर हत्ती, ९० हून लहान असेल तर मॅमथ.

---

जांभादगड

आता धाग्याच्या दुसऱ्या अंगाकडे. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत देशात ५२८ हत्ती अनैसर्गिक कारणांनी गेले. ही संसदेत दिलेली माहिती. फोड अशी: विजेचा धक्का ३९२, रेल्वे ७३, शिकार ५०, विष १३. विजेचे ३९२! याच सुमाराच्या पाच वर्षांत हत्तींमुळे अडीच हजारांवर माणसं गेली, हेही त्याच दमात लिहायला हवं.

वीज दोन वाटांनी मारते. एक, लोंबलेली वाहिनी. ११ हजार व्होल्टची तार दोन खांबांमध्ये झुकते, खाली मातीचा भराव पडतो किंवा खांबच कलतो, आणि सोंड वर केलेला हत्ती चिकटतो. यावर उपाय वीज कंपनीकडेच: मधे जादा खांब, तार ताणणं, हत्तींच्या वाटेवर आवरणाची केबल. दोन, शेताभोवती आकडा टाकून सोडलेली थेट वीज. हा गुन्हा आहे, आणि त्यात रानडुक्कर, हत्ती, शेजारचा माणूस, कोणीही मरतो.

बरेचजण सौरकुंपण आणि ही थेट वीज एकच समजतात. तसं नाही. सौरकुंपणाचा एनर्जायझर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. तारेत दर सेकंदाला एक झटका, पाच ते दहा हजार व्होल्टचा, पण सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ. दणका बसतो आणि मधल्या काळात सुटता येतं. घरच्या विजेत ही सुट्टीच नाही, स्नायू आखडले की पकड सुटत नाही.

कुंपणं पडून का राहतात? माझ्या मते नव्वद टक्के वेळा दोन कारणांनी. पहिलं कारण अर्थिंग. झटका हत्तीच्या पायांतून जमिनीत आणि जमिनीतून सळ्यांवाटे एनर्जायझरकडे परत गेला तरच बसतो. कोकणातला जांभा एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत, तिथे एक सळी ठोकून काही होत नाही. दीड-दोन मीटरच्या तीन-चार गॅल्वनाइझ्ड सळ्या, तेवढ्याच अंतरावर, ओलाव्याच्या जागी, खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून, आणि उन्हाळ्यात पाणी. दुसरं कारण वेली. पावसाळ्यात आठवड्याभरात रान तारेला टेकतं, झटका त्यातूनच गळतो. तार सात हजारांवरून दोन हजारांवर आली की हत्ती तिला जुमानत नाही.

शिवाय हत्ती शिकतो. सुळ्यातून वीज वाहत नाही, म्हणून सुळ्याने तार तोडतो, नाहीतर शेजारचं झाड तारेवर ढकलतो. त्यावर लटकतं कुंपण बरं. उंचावर आडवी तार, तिच्यावरून जमिनीपासून हातभर वर संपणाऱ्या सुट्या तारा. ढकलायला खांब जवळ नाही, आणि पुढे यायचं तर आधी सोंडेला-कपाळाला स्पर्श होतो. वेलींचा त्रासही कमी.

---

मुक्काम पोस्ट आजरा

जांभादगड यांना +१. महाराष्ट्रापुरती भर घालतो.

दोडामार्गात कर्नाटकातून हत्ती आले २००२ च्या सुमारास, तिथून पुढे चंदगड-आजऱ्यापर्यंत. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून वीस-बावीसचा कळप गडचिरोलीत धानोऱ्याकडे उतरला. दोन्हीकडची लक्षणं वेगळी. इकडे केळी, माड, सुपारी, वरच्या अंगाला ऊस. माड आडवा पाडून शेंड्याचा कोवळा गाभा तेवढा खातो, बाकी तसाच. पंधरा वर्षांचं झाड एका रात्रीत जातं, आणि भरपाई पिकाच्या हिशेबाने मागायची की झाडाच्या, यावर कागद अडतो. गडचिरोलीत भात आणि मोहफुलं. कुडाच्या घरात मोहफुलं साठवली की वासावर हत्ती भिंत पाडतो. मोहफुलं आणि धान्य वस्तीबाहेरच्या एका पक्क्या कोठारात ठेवलं तर निदान घरं वाचतात.

हाकारा घालताना होणारी चूक म्हणजे चहूबाजूंनी फटाके. हत्तीला निघायला वाट ठेवायची असते, आणि ती तो आला त्याच दिशेची. वाट नसली की तो माणसांवर येतो. मादीसोबत पिल्लू असेल तर पाठलाग करूच नये.

---

पाटीपेन्सिल

अवांतर: महाराष्ट्रात गेंडा कुठून आणणार असं वाटत असेल तर दायमाबाद आठवा. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी १९७४ साली कांस्याच्या चार प्राचीन वस्तू सापडल्या: रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा. हत्ती-गेंड्याची जोडी एकाच फलकावर आणणारे ते पहिले नव्हेत ना?

---

गवताळ

@पाटीपेन्सिल, हाहा, फलकवाल्यांना माफ केलं.

@जांभादगड, एक शंका. समजा वाडीने मिळून दोन किलोमीटरचं कुंपण घातलं. रोज काय बघायचं आणि कोणी?

---

जांभादगड

रोज एकाने, पाळीपाळीने, हत्ती बाहेर पडण्याच्या आधी म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास. हातात कुंपणाचा व्होल्टमीटर, कोयता आणि वही. कोयता चालवायच्या आधी एनर्जायझर बंद. बॅटरीचं पाणी आठवड्यातून एकदा, सौरपट्टीवरची धूळ दोनदा पुसायची. आकडा पाच हजारांच्या खाली दिसला तर त्याच संध्याकाळी तार चालत जायची, वेल किंवा तुटका इन्सुलेटर सापडेपर्यंत.

आणि रीडिंग एनर्जायझरपाशी घ्यायचं नाही, तिथे ते नेहमी छानच दिसतं. शेवटच्या खांबापाशी घ्यायचं.